झाडू चालतो, प्रश्न चालत नाही!

त्या रात्री आमच्याकडे महालक्ष्म्या जेवल्या होत्या. तारीख २२ सप्टेंबर २०२३, वार शुक्रवार. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे... दिवसभर उभं राहून पायांचे नुसते गोळे झालेले. शेवटची पंगत उठून, भांडी घासून पालथी घालेपर्यंत बारा वाजून गेले. उरलेलं पुरण फ्रिजमध्ये सरकवलं, समईत तेल घातलं आणि अंग टाकलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता. ‘‘माहेरवाशिणी तृप्त झाल्या गं, पाऊसही कसा छान पडतोय,’’ असं सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या.

पहाटे जाग आली ती पाय ओले झाले म्हणून. पलंगावरून खाली ठेवलेला पाय घोटाभर पाण्यात! दिवे लावायला गेले तर लाईट गेलेली. टॉर्चच्या उजेडात बघते तो बैठकीत रांगोळी नाही, पाट तरंगतोय, आणि ते पाणी साधं पाणी नव्हतं. गटाराचं, काळं, वासाचं पाणी. अर्ध्या तासात ते गुडघ्याला लागलं. ह्यांनी आणि मुलाने सासूबाईंना खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेलं. मी काय केलं असेल? ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे आधी काढले आणि पदरात गुंडाळून छातीशी धरून उभी राहिले. कागदपत्रं, बँकेची पुस्तकं, मुलाचा लॅपटॉप, काही म्हणजे काही सुचलं नाही. सकाळी विसर्जनाचा दिवस होता. खीर-कान्होल्याचा नैवेद्य दाखवून हळदीकुंकवाने निरोप द्यायच्या त्या दोघींना आम्ही वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरी, अंगावर त्यांचाच गाऊन घालून, नुसते हात जोडून निरोप दिला.

नागपूरबाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवं, की रामदासपेठ म्हणजे काही नदीकाठचं खेडं नव्हे. ही नागपूरची दवाखान्यांची पेठ. दर दुसऱ्या फाटकावर डॉक्टरांची पाटी. लेंड्रा पार्क, सेंट्रल बाजार रोड, पलीकडे पंचशील चौक. इथे पूर येईल, असं कोणी बोललं असतं तर आम्ही हसलो असतो. पण त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी दोन्ही काठ सोडून शहरात शिरली. अंबाझरी लेआऊट, धरमपेठ, रामदासपेठ, सीताबर्डी... हजारो घरांत पाणी गेलं, माणसं दगावली. पंचशील चौकातला पूल खचला. लष्कराची माणसं बोटी घेऊन नागपूरच्या गल्ल्यांमधून फिरली. तसं दृश्य मी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, तेही कोल्हापूर-सांगलीचं.

आणि आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जरा अडतो. ज्या नदीचं नाव आमच्या शहराला आहे, तिला मी लग्न होऊन आले तेव्हापासून ‘नाला’ म्हणत आले. ‘नाल्याच्या पलीकडे राहतात,’ ‘नाल्यावरून डावीकडे वळा,’ असाच पत्ता आम्ही सांगतो. आणि गेली कित्येक वर्षं दर गणपतीत, दर नवरात्रात मी पुलावर रिक्षा थांबवून निर्माल्याची पिशवी खाली टाकली आहे. पिशवीसकट. वर नमस्कारही केला आहे! त्या पहाटे माझ्या देवघराच्या उंबऱ्याला जे अडकून बसलं होतं ना, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेलं कोणाचं तरी निर्माल्य होतं. माझं नसेलही. पण माझ्यासारख्याच कोणाचं तरी होतं. पूर काही पिशव्यांमुळे आला नाही, हे मला कळतं. पात्र अरुंद झालं, काठावर आणि पात्रावरही बांधकामं झाली, पाणी जायला वाट उरली नाही. पूरग्रस्तांपैकीच काही जण त्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन गेले. तरी ती गाठ मारलेली पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, त्याला काय करू?

पर्यावरणवाल्या लोकांबद्दल तोवर माझं मत फारसं चांगलं नव्हतं, हेही कबूल करून टाकते. ‘घरी काम नाही वाटतं यांना,’ असं म्हणणाऱ्यांतली मी. एका वर्षी फुटाळ्यावर दीड दिवसाचा गणपती घेऊन गेलो होतो. तिथे ग्रीन व्हिजिल फाऊंडेशनची मुलं-मुली दरवर्षी उभी असतात. कौस्तव चॅटर्जी यांनी सुरू केलेली ही नागपूरची संस्था. एका मुलीने माझ्यासमोर हात पुढे केला, ‘‘काकू, निर्माल्य इकडे द्या ना.’’ मी फटकारलंच, ‘‘देवाचं आहे, तुझ्या ड्रममध्ये कसं टाकू?’’ ती जराही रागावली नाही. ‘‘देवाचं आहे म्हणूनच मागते काकू, तिकडे पाण्यात लोक थुंकतात.’’ मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही म्हणून मी आणखीच रागावून, पिशवी तिच्या ड्रमशेजारी जमिनीवर ठेवून निघून आले. त्या मुलीची आठवण मला पुरानंतर आली.

याच मुलांचा दुसरा उपक्रम नागपूरकरांना चांगला माहीत आहे. २०१४ पासून पौर्णिमेच्या रात्री ती वेगवेगळ्या चौकांत उभी राहतात आणि दुकानदारांना, घरांना विनंती करतात, की आठ ते नऊ, एक तास, गरज नसलेले दिवे बंद ठेवा. आकाशात चंद्र आहेच! महापालिकाही त्यात सामील झाली. एका तासाने काय मोठी वीज वाचणार, असं मीही म्हणत असे. पण आपल्या विदर्भाला वीज म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. एक युनिट विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, आणि तो जळतो नागपूरच्या उशाशी, कोराडीत आणि खापरखेड्यात. राख कुठे जाते? २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा शेतकऱ्यांनी ती आपल्या शेतात पाहिली. तेव्हा आपल्या घरातला विनाकारण जळणारा दिवा आणि त्या शेतातली राख यांचं नातं आहे, एवढं दर पौर्णिमेला कोणीतरी सांगावं, हे मला आता फुकटचं वाटत नाही.

पुरानंतर दोन-तीन महिने घर सावरण्यात गेले. गाद्या गेल्या, धान्य गेलं, आईने दिलेलं शिसवी कपाट फुगून फुटलं. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची खोली नदीला लागूनच. त्यांचं तर सगळंच गेलं. त्या चौथ्या दिवशी कामावर आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘बाई, तुमच्या घरातनं चिखल निघून राह्यला, आमच्या घरातनं घरच निघून गेलं.’’ आणि खाली बसून माझ्या घरातला चिखल काढायला लागल्या. मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं, एवढंच मला त्या दिवशी करता आलं.

मग हिवाळ्यात आम्ही गल्लीतल्या आठ-नऊ जणींनी ठरवलं, की आपल्या घरामागचा काठ तरी आपण साफ करायचा. संस्था नाही, बॅनर नाही, फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आधी रविवारी सकाळी सातची वेळ ठरली, कारण सगळीकडे स्वच्छता मोहिमा सकाळीच असतात. पहिल्या रविवारी आम्ही तिघीच! बाकीच्या का नाही आल्या, तर रविवारी सकाळी घरोघरी तर्री-पोहे लागतात, मुलांच्या डोक्याला तेल, सासऱ्यांची आंघोळ. पुरुषांचा रविवार आणि आपला रविवार कधी एक होता का? मोहिमांची वेळ ठरवणाऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलेलं नसतं. मग आम्ही वेळ बदलली. बुधवारी दुपारी साडेतीन. जेवणं आटोपलेली, शाळा सुटायची असते. नवव्या आठवड्यात आम्ही चौदा जणी होतो, आणि मावशींच्या वस्तीतल्या पाच.

काय काय निघालं म्हणून सांगू! चपला, थर्माकोलची मखरं, गोधड्या, दवाखान्यांच्या सलाईनच्या नळ्या, एका देव्हाऱ्याचं दार. वास इतका, की घरी आल्यावर चहा जात नसे. पण सहा महिन्यांत शंभरेक पावलांचा काठ दिसायला लागला. तिथे एक बाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते तशी कडुनिंबाच्या रोपाला घालायला लागली. कौतुक झालं. पेपरात फोटो आला. ८ मार्चला एका कार्यक्रमात आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. एका पाहुण्यांनी आमच्यासोबत झाडूही मारला. झाडू कोरा करकरीत होता, त्याचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं, पण फोटोत ते दिसत नाही.

इथपर्यंत आम्ही सगळ्यांच्या लाडक्या होतो.

मग झालं असं, की पावसाळ्याच्या तोंडावर काठावर मलब्याचे ढीग पडायला लागले. रात्री ट्रक यायचे. कुठल्याशा पाडलेल्या घराच्या विटा, सिमेंट, फरशा. जे आम्ही टोपलीने उपसलं होतं, त्याच्या कितीतरी पट एका रात्रीत पडायचं. आणि दुसरी गोष्ट, आमच्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांच्या बुंध्याला थेट लागून सिमेंट ओतलेलं. पाणी झिरपायला बोटभर जागा नाही. आम्ही दोन साध्या प्रश्नांचं पत्र लिहिलं. मलबा कोण टाकतं, त्याला परवानगी कोणाची? आणि झाडांभोवतीचं सिमेंट कधी काढणार? चौदा सह्या घेऊन आम्ही संबंधित कार्यालयात गेलो.

तिथल्या साहेबांनी चहा दिला, हे आधी सांगते. पत्र वाचून ते हसले. ‘‘ताई, तुम्ही स्वच्छतेचं एवढं छान करून राहिल्या, ते करा ना. हे सगळं टेक्निकल आहे. यात तुम्ही कशाला पडता?’’ बाहेर आलो तर आमच्यातल्या एकीचा भाऊ ओळखीचा निघाला, त्याने तिला संध्याकाळी फोन केला. तिसऱ्या दिवशी दोघी ग्रुपमधून बाहेर. घरचे नको म्हणतात. आमच्याही घरी विषय निघाला. ‘‘साफसफाई करता तोवर ठीक होतं, आता हे अर्ज-बिर्ज कशाला?’’ नवऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. पण मला तेव्हा एकदम लख्ख कळलं. बाईच्या हातातला झाडू कोणालाच खुपत नाही. घरात तो होताच, आता रस्त्यावर आला, एवढंच. खुपतो तो कागद!

मला राग स्वयंसेवेचा नाही. ‘ही कामं पगारी लोकांची, आपण का करायची?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणीही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी सरळ उडवून लावत नाही. घरातलं काम फुकट, सणाचं काम फुकट, आता नदीचंही फुकट! पण काठावर उतरले नसते तर मलबा मला दिसलाच नसता. बाल्कनीतून नदी हिरवी दिसते. खाली उतरल्यावर कळतं, की हिरवं आहे ती जलपर्णी. माझं म्हणणं एवढंच आहे, की जिने कचरा उचलला, तिलाच तो आला कुठून हे विचारायचा पहिला अधिकार आहे. उचलणं आणि विचारणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच कामाचे दोन हात आहेत. एक हात चालतो आणि दुसरा चालत नाही, असं कोणी ठरवून दिलं?

आपल्या चंद्रपूरचंच बघा. तिथे इको-प्रो या संस्थेच्या मुलांनी बंडू धोतरे यांच्यासोबत २०१७ मध्ये गोंडकालीन परकोट साफ करायला घेतला. जटपुरा, पठाणपुरा या वेशींच्या मधली ती लांबच लांब भिंत, बुरुज, त्यांवर वाढलेली झाडंझुडपं, शतकांचा कचरा. शेकडो दिवस रोज सकाळी काम. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं. सगळीकडून वाहवा. पण हीच माणसं रामाळा तलावासाठीही उभी राहिली. तलावात येणारं सांडपाणी थांबवा, गाळ काढा, म्हणून २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धोतरे अन्नत्याग करून बसले. तेव्हा शाल-श्रीफळ देणारे किती आले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. पण तलावाचं काम हलायला तेच उपोषण कारणी लागलं, नुसता झाडू पुरला नसता.

नागपुरातही २०२१ मध्ये अजनीच्या रेल्वे वसाहतीतली हजारो झाडं एका मोठ्या स्टेशन प्रकल्पासाठी जाणार असं कळलं, तेव्हा लोकांनी त्या जागेला ‘अजनी वन’ म्हणायला सुरुवात केली. नाव ठेवलं आणि गोष्ट बदलली! ‘वसाहतीतली झाडं’ तोडता येतात, ‘वन’ तोडताना हात थबकतो. लोकांनी हरकती लिहिल्या, रस्त्यावर उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यात गृहिणी होत्या, कॉलेजच्या मुली होत्या, निवृत्त शिक्षिका होत्या.

त्या हरकतींची गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. शहरातलं झाड आपल्या मनाने तोडता येत नाही, त्याला १९७५ चा राज्याचा कायदा आहे. तुमच्या नगरपालिकेलाही तो लागू आहे. परवानगी मागितली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावरही नोटीस लावावी लागते, आणि हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. आता मला सांगा, ती बारीक अक्षरातली सूचना कोण वाचतं? पुरुष पहिलं पान आणि खेळाचं पान वाचून उठतात. पेपरच्या रद्दीची घडी आपण घालतो. डब्याखाली घालायला, कपाटात पसरायला तोच कागद आपल्या हातात येतो. मी आता घडी घालण्याआधी जाहीर सूचनांचं पान बघते. दुपारी दारासमोरच्या झाडाला कोणी दोरी बांधतंय का, टेप लावून मोजतंय का, हेही आधी आपल्यालाच दिसतं, कारण त्या वेळी घरात आपणच असतो. वडाला दरवर्षी सूत गुंडाळतो त्या आपण, त्याच्या बुंध्यावर चिकटवलेला कागद मात्र वाचत नाही!

आमच्या पत्राचं पुढे काय झालं, ते सांगते. सिमेंटचं थोडं जमलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटरची जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. मुलाने ते शोधून दिलं, आम्ही ते पत्राला जोडलं. महिन्याभराने दोन माणसं हातोडे घेऊन आली आणि आमच्या रस्त्यावरच्या अकरा झाडांपैकी चार झाडांभोवतीचं सिमेंट फोडून गेली. उरलेली सात तशीच आहेत. मलब्याबद्दल उत्तर नाही. माहिती अधिकारात अर्ज केला, त्याला ‘सदर माहिती या विभागाशी संबंधित नाही’ एवढी एक ओळ आली. नदी कोणाशी संबंधित आहे, ते त्यात नव्हतं. ट्रक मधले काही दिवस बंद होते, आता परत येतात. ग्रुपमधून गेलेल्या दोघींपैकी एक परतली आहे. दुसरी बुधवारी बाल्कनीतून हात करते, खाली मात्र येत नाही.

आणि महालक्ष्म्या? त्या दरवर्षी येतातच. मुखवटे तेच, पदरात वाचवलेले. साड्या नव्या. निर्माल्य आता सिमेंट फोडलेल्या कडुनिंबाखाली खड्डा करून पुरतो. सासूबाईंना आधी पटलं नव्हतं, ‘वाहत्या पाण्यातच सोडायला हवं’ असा त्यांचा हट्ट. त्यांना धरून एकदा काठापर्यंत नेलं. बराच वेळ त्या पदर नाकाला लावून बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘हे वाहतं कुठे आहे?’’

परवा तिसरं स्मरणपत्र लिहीत बसले होते. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘‘बाई, त्या मलब्याचं उत्तर आलं का?’’

‘‘नाही आलं अजून.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता सोमवारी परत जायचं. फोटो घेऊन.’’

त्यांनी नळ बंद केला, हात पदराला पुसले. ‘‘ट्रक रात्री माझ्या दारावरनंच जाते. नंबर लिहून ठेवतो आज. सोमवारी मी बी येतो तुमच्यासंगं.’’